शेवटच्या बांधीचं वायफाय

जगातली सगळी काळजी एकाच माणसाच्या डोक्यावर द्यायची असं कधी ठरलंच, तर सिंदेवाहीपासून पाच कोसांवरच्या आमच्या गावात यावं आणि आमच्या घरमालकांना उचलून न्यावं. ते कुरकुर करणार नाहीत, फक्त निघण्याआधी गॅसचं बटण तीनदा बघून येतील. मी इथल्या शाळेत गणित शिकवतो आणि त्यांच्या माडीवरच्या दोन खोल्यांत सहा वर्षं भाड्याने राहतो, त्यामुळे या काळजीचा मोठा वाटा जिना चढून माझ्याकडे येतो. पाऊस आला की तलाव फुटेल म्हणून यांचा जीव वर, नाही आला की धान करपेल म्हणून खाली. आलाही नाही आणि गेलाही नाही, नुसतंच आभाळ भरलं, तर 'हे काहीतरी मनात धरून हाय' म्हणून दिवसभर अंगणात येरझारा. वाघाची मात्र त्यांना काळजी नाही. मागच्या हिवाळ्यात दिवस मावळताना तलावाच्या पाळेवर, म्हणजे बांधावर, वाघ बसलेला दिसला, तर हे सायकल हातात धरून तिथेच उभे राहिले आणि तो उठून गेल्यावर घरी आले. बाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, कपाळावर हात मारून घेतला. "तो त्याच्या वाटेनं गेला, मी माह्या वाटेनं आलो," एवढं बोलून ते लगेच माझ्याकडे वळले, "पण सर, आपल्या डब्याचा दिवा लाल काऊन झाला?"

हा डबा म्हणजे वायफायचा राऊटर. मुलीच्या शिक्षणासाठी तो घरात आला आणि काळज्यांच्या खानेसुमारीत एकाची भर पडली. वीज पडली तर? उंदराने वायर कुरतडली तर? म्हणून त्यांनी तो लोखंडी कपाटात ठेवून वर कुलूप लावलं आणि किल्ली जानव्यासारखी गळ्यात घातली. आता पत्र्याच्या कपाटात कोंडलेलं वायफाय बाहेर येणार कसं, हे त्यांना समजावण्यात माझा एक उन्हाळा गेला. कपाटातून काढला तर तो त्यांना तापलेला वाटला. मी शाळेतून आलो तेव्हा त्याच्यावर पिळलेलं ओलं फडकं होतं आणि हे शेजारी बसून पंखा हलवत होते. "अंग कढत झालं ना सर त्याचं," म्हणाले. मी आधी बटण बंद केलं आणि मग फडकं उचललं.

आमचे घरमालक गावाचे पाणकर. तलावाचं पाणी कोणाच्या बांधीत कधी सोडायचं, हे ठरवणारा तो पाणकर, आणि बांधी म्हणजे आमच्याकडे धानाच्या शेताचा तुकडा. तलावाला पाणी सोडायचं जे तोंड असतं, त्याला तुडूम म्हणतात. ते तुडूम यांच्या हातात, यांच्या आधी यांच्या वडिलांच्या हातात. पाणी कमी पडलं की सगळ्यात शेवटच्या बांधीला पहिली पाळी, कारण जवळचा कसाही घेतोच, हा यांचा कायदा. दुसरा कायदा असा की मागणाऱ्याला पाण्याला नाही म्हणायचं नाही. हा दुसरा कायदा त्यांनी वायफायलाही लावला. शेजारणीने पासवर्ड विचारला, दिला. समोरच्या न्हाव्याने विचारला, दिला. डुकरांपासून धान राखायला जाणाऱ्या एकाने नुसतं दारातून डोकावून पाहिलं, तर यांनी आपण होऊन हाक मारून दिला.

मग मुलीच्या परीक्षेचं पत्र आलं. शालू बी.एस्सी. झालेली, पुण्याच्या एका कंपनीने तिला ऑनलाईन परीक्षेला बोलावलेलं. परीक्षा घरूनच द्यायची, पण मोबाईल चालणार नाही, कॉम्प्युटरच हवा. खोलीत एकटं बसायचं, कॅमेरा सुरू ठेवायचा आणि कनेक्शन तीनदा तुटलं की उमेदवार बाद. घरातला कॉम्प्युटर शालू दहावीत असताना घेतलेला. तो सुरू झाला की गिरणी चालू झाल्यासारखं वाटायचं, आणि एक पान उघडेपर्यंत बाईंचा भात शिजायचा. सरावाच्या परीक्षेत दहा मिनिटांत दोनदा तुटलं. शालू नुसती ओढणीचं टोक पिळत बसली. ते पाहून घरमालकांनी त्या दिवशी जेवण सोडलं.

मी कंबर कसली. राऊटर उंच फळीवर चढवला. कॉम्प्युटरच्या पाठीमागे, भिंतीकडे तोंड करून खोचलेलं वायफायचं नखाएवढं यंत्र लांब वायर लावून पुढे टेबलावर आणलं. आपोआप सुरू होणारे नको ते प्रोग्राम बंद केले. वेग वाढला, पण संध्याकाळ झाली की पुन्हा मुंगीच्या पावलाने. राऊटरची यादी उघडली तर त्याला चौदा मोबाईल चिकटलेले.

"भाऊ, पासवर्ड बदलून टाकू. दोन मिनिटांचं काम."

त्यांचा चेहरा उतरला. "म्हंजे लोकाईचं पाणी तोडू?"

"पाणी नाही हो, वायफाय आहे. आणि तुमचंच आहे."

"तुडूम बी माह्याच हातात हाय सर. म्हणून काय आपल्याच बांधीत पाणी घेऊ? पाळी मागतो ना मी. दोन घंट्याची पाळी."

आणि खरोखरच टोपी घालून हा माणूस दारोदार पाळी मागायला गेला. प्रत्येक घरी चहा झाला, प्रत्येक घरी शालूचं सगळं पुन्हा सांगून झालं. परत आले ते जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसले. मी त्यांची थट्टा करणार होतो, पण ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "नाई लागली नोकरी तर पोरगी रडन. लागली तर दूर जाईन थे. एकुलती एक हाय, सर. मी देवाले कोणतं मागू?" मी बाईंना चहा टाकायला सांगितला, त्यांच्या पोटात आधीच अकरा चहा असताना.

परीक्षेच्या दिवशी साडेदहाला शेजारीण आली आणि अंगणातल्या खाटेवर आपला मोबाईल बंद करून ठेवून गेली. मग न्हावी आला. मग एकेक करत सगळेच. मोबाईल आणून ठेवा असं कोणी सांगितलं नव्हतं. एक म्हातारी तर आपला बटणांचा जुना फोन घेऊन आली, ज्यात इंटरनेट कधी शिरलंच नव्हतं. "माहा बी ठेव रे बाबा, उगी अडचण नको पोरीले," म्हणाली. घरमालकांनी तोही नीट ओळीत ठेवला.

अकराला परीक्षा सुरू झाली आणि वीस मिनिटांत आतून शालू ओरडली, "कनेक्शन तुटलं!" जोडलं, पुन्हा तुटलं. दोनदा झालं. आता एकच उरलं होतं. बंद दाराआडून शालूच्या खुर्चीचा आवाज आला आणि बाईंनी पदर तोंडात धरला. घरमालक खाटेकडे पाहून म्हणाले, "सारे मोबाईल इथी हायेत, मंग पाणी कुठी जाते?" बांधाला खेकड्याने बीळ पाडलं की पाणी आतल्या आत जातं, आणि ते बीळ शोधायचं तर तुडुमापासून पायी चालत यावं लागतं. तसे ते फळीवरच्या डब्यापासून निघाले. बैठक पाहिली, स्वयंपाकघर पाहिलं, आणि जिना चढून माझ्या खोलीत शिरले. मागोमाग मी. टेबलावर माझा लॅपटॉप उघडा होता. सकाळी मीच तो लावून ठेवला होता आणि सहा वर्षांचे फोटो इंटरनेटवर चढवण्याचं काम तो इमानेइतबारे करत होता.

"सर, हे काय करून राह्यलं?" त्यांनी साधेपणाने विचारलं.

साऱ्या गावाचे मोबाईल मोजणाऱ्या गणिताच्या मास्तरने आपला लॅपटॉप मोजलाच नव्हता. मी तो असा बंद केला की झाकण तडकलं. त्यानंतर दीड तास आम्ही दोघं जिन्यात बसून होतो आणि मला वर बघायची लाज वाटत होती. तिसऱ्यांदा कनेक्शन तुटलं नाही. शालू बाहेर आली, गटागटा पाणी प्यायली आणि म्हणाली, "झालं, बाबा." मोबाईल न्यायला आलेल्यांनी मधे काय झालं होतं ते विचारलं. "खेकड्यानं बीळ केल्तं, बुजवलं," घरमालक म्हणाले. माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. आजवर त्यांनी ही गोष्ट कोणाला सांगितलेली नाही, म्हणून मी सांगतो आहे.

शालूला नोकरी लागली. ती पुण्याला गेली आणि घरमालकांच्या काळज्या एकदम कमी झाल्या, जे मला अजिबात आवडलं नाही. तलाव भरला तरी ते बोलत नाहीत. गॅसचं बटण एकदाच बघतात. रोज संध्याकाळी मात्र त्याच जुन्या कॉम्प्युटरसमोर बसून ते तिच्याशी व्हिडिओवर बोलतात, तेही सगळ्यांचे मोबाईल सुरू असण्याच्या वेळेला, त्यामुळे तिचं चित्र सारखं अडकतं. परवा मी सिंदेवाहीहून त्या कॉम्प्युटरसाठी वायफायचं चांगलं नवं यंत्र आणलं आणि खाली गेलो. पडद्यावर शालू हसता हसता अडकलेली होती, एक हात केसांकडे नेलेला. आवाज बंद. घरमालक मांडीवर हात ठेवून शांत बसले होते.

"भाऊ, हे लावून देतो. मग अडकणार नाही."

"राहू द्या सर," ते म्हणाले. पडद्यावरची नजर त्यांनी हलवली नाही. "बोलणं झालं की लगेच जाते थे, कामं रायतात तिले. अशी अडकली की दोन मिनिटं घरीच राह्यते."

मी ते यंत्र खिशातल्या खिशात ठेवलं आणि थोडा वेळ त्यांच्याजवळ बसलो.