ब्लश म्हणजे काय, ते काकांना विचारा

न विचारता इंग्रजी शब्दांचे अर्थ सांगणारा माणूस अख्ख्या कोलकात्यात एकच असावा, आणि तो नेमका आमच्या वरच्या मजल्यावर राहतो. जन्म इथलाच, उभी हयात खिदिरपूरच्या गोदीत कस्टममध्ये लोकांच्या बॅगा उघडण्यात गेली, लग्न केलं नाही. आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो. काकांना नुसता अर्थ सांगून चैन पडत नाही. उदाहरण लागतं, आणि उदाहरणाला समोर बसलेला माणूसच लागतो. 'स्टिंजी' म्हणजे कंजूष, हे सांगताना त्यांनी आमच्या ह्यांना वापरलं होतं, तेही ह्यांच्या साहेबांसमोर. लाडका शब्द मात्र ब्लश. "लाजणं ठरवून करता येतं, सूनबाई. ब्लश ठरवून होत नाही, रक्तच वर चढतं. बॅगेत काही लपवलं असलं की नवखा माणूस कानापर्यंत लाल व्हायचा. मुरलेला मात्र ढिम्म." एस्प्लनेडला शर्ट घेतानासुद्धा काका कापड बघत नाहीत, फेरीवाल्याचे कान बघतात.

तर आमच्या सईला बघायला नागपूरची मंडळी आली. स्थळ चांगलं, नोकरी चांगली. मी मनातल्या मनात हॉलसुद्धा ठरवून टाकला होता. सई गप्प होती, तो मी होकारच धरला. काका न बोलावता खाली आले आणि संदेश मिठाईची बशी घेऊन बसले. मुलाच्या आईनं सईला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "रंग जरा कमीच आहे. आणि लाजत कशी नाही हो तुमची मुलगी?" मुलगा मोबाईलमध्ये.

काकांनी बशी खाली ठेवली. "ब्लश स्वतःसाठीच होतो असं नाही," ते म्हणाले. "ज्याला लाज वाटायला हवी त्याला वाटत नसली, तर त्याच्या वतीनं दुसऱ्यालाही होतो. उदाहरणार्थ, आत्ता तुमच्या वतीनं मी." आणि खरंच, टकलापासून मानेपर्यंत माणूस लालबुंद झाला होता.

मंडळी चहा न घेताच उठली. काकाही मुकाट्यानं वर गेले. आता त्यांना चांगलं फैलावर घ्यायचं म्हणून मी निघाले, तोच सई गळ्यात पडून रडायला लागली. "मला नकोच होतं गं आई. तू एवढी खूश होतीस, मला बोलवेना." बाई गं, सुटलो आम्ही. राग यायचा सोडून छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं वाटलं मला.

संध्याकाळी उरलेले संदेश घेऊन वर गेले. काकांनी दार उघडायला बराच वेळ लावला.

"सई बरी आहे ना?"

"हसतेय आता."

ते बशीकडे बघत राहिले. "मला वाटलं, तुम्ही आता मला घरात घेणार नाही. तुमच्याशिवाय मराठी बोलायला इथं कोण आहे मला?"

"पानं घेतलीयत काका," मी म्हटलं, "खाली चला."