पश्चिमेच्या भिंतीची फाइल

मेव्हणीने भाऊजींची टिंगल करायची नाही तर कोणी करायची? हा हक्क मी गेली चौतीस वर्षं बजावते आहे, आणि माझ्या भाऊजींनी मला विषयाची टंचाई कधी भासू दिली नाही.

मनोहर खानझोडे हे त्यांचं नाव. माझ्या वैजयंतीताईचे यजमान. त्यांचे वडील सरकारी कचेरीबरोबर नागपूरहून भोपाळला आले, आणि भाऊजी इथल्याच बांधकाम खात्यात इमारतींची अंदाजपत्रकं करत करत निवृत्त झाले. निवृत्त झाले म्हणजे कचेरीत जायचे थांबले, एवढंच. कचेरी त्यांनी अरेरा कॉलनीतल्या घरी आणली. टेबलावर 'आवक' आणि 'जावक' असे दोन ट्रे आहेत. नळाचा वॉशर बदलायचा असला तरी ताईची चिठ्ठी आधी 'आवक'मध्ये पडते.

या घराची पश्चिमेची खोली ताईची. उन्हाळ्याच्या सुट्टीत दुपारी चार ते पाच ती तिथे मुलांना मराठी शिकवते. फी नाही, परीक्षा नाही. आपल्या लोकांची मुलं इथे घरातही अर्धी हिंदी बोलतात, त्यांना निदान आजोबांचं पत्र वाचता यावं, एवढीच तिची इच्छा. सुट्टीखेरीज या मुलांना श्वास घ्यायला वेळ नसतो, आणि मे महिन्यात चार वाजता त्या खोलीची भट्टी होते. एके काळी चौदा मुलं यायची. नंतर नऊ झाली. यंदा तीन उरली होती.

भाऊजींना हे कळत नव्हतं असं नाही. चार वर्षांपूर्वी त्यांनीच कुठेतरी वाचलं, की भिंतीला बाहेरून थर्माकोलचे जाड तक्ते लावून वर जाळी आणि प्लास्टर केलं की ऊन आत येत नाही. त्याच संध्याकाळी त्यांनी फाइल उघडली. मला कौतुक वाटलं होतं. पण नमनालाच घडाभर तेल गेलं.

पहिल्या वर्षी नकाशा झाला. पावसाच्या पाण्याचे पाइप काढून पुन्हा कुठे बसवायचे, भिंत जाड झाल्यावर खिडकीचे छज्जे किती वाढवायचे, सगळं लाल-निळ्या शाईत. दुसऱ्या वर्षी परांची बांधायला शेजारच्या सक्सेनांच्या अंगणातली जागा लागणार, म्हणून त्यांना पत्र गेलं. सक्सेना कुंपणावरूनच म्हणाले, "अरे भाईसाहब, बना लीजिए ना, चिट्ठी काहे की?" हे उत्तर तोंडी असल्याने ग्राह्य धरलं नाही. त्यांना दोन स्मरणपत्रं गेली. तिसऱ्या वर्षी तीन ठेकेदारांची दरपत्रकं आली. त्यातला अमोल आपल्यातलाच, इथेच वाढलेला. तो म्हणाला, "काका, दोन इंची शीट लावून टाकू, पंधरा दिवसांत काम खतम. बारिश के पहले उरकलं पाहिजे बस." भाऊजींनी त्याच्याकडून लेखी खुलासा मागवला. तोवर बारिश आली.

दर उन्हाळ्यात एक काम मात्र अखंड चालू होतं. भिंतीवर रोखायचा बंदुकीसारखा तापमापक त्यांनी आणला होता आणि रोज खोलीत जाऊन ते आतल्या भिंतीचं तापमान टिपत. एकही दिवस खाडा नाही.

यंदा मेच्या पहिल्या आठवड्यात मी गेले, तेव्हा फाइलवर त्यांच्याच अक्षरात शेरा होता: 'तीन वर्षांच्या नोंदींवरून भिंत विशेष तापत असल्याचे दिसून येत नाही. खर्चाचे समर्थन व्हावे.' म्हणजे स्वतःच्याच प्रस्तावावर स्वतःच आक्षेप! मी नोंदींची वही ओढली. प्रत्येक नोंदीपुढे वेळ लिहिली होती: सकाळी अकरा.

"भाऊजी, पश्चिमेच्या भिंतीवर अकराला ऊन असतं का हो?"

"पाहणी अकरालाच असते," ते म्हणाले. "छत्तीस वर्षं अकराला चहा आणि मग पाहणी. शिवाय नोंद रोज एकाच वेळी घ्यायची असते, मंजूषा. शास्त्र आहे ते."

"आणि चार वाजता?"

चार वाजता भाऊजी पूर्वेच्या खोलीत झोपलेले असतात. अडीच ते पाच. कागदी घोडे नाचवून दमलेल्या माणसाला तेवढी विश्रांती लागतेच, असं मी म्हणाले आणि मनसोक्त हसले. ताई हसली नाही. तिने वहीतला एक कागद फाडला, दोन ओळी लिहिल्या आणि 'आवक'मध्ये ठेवला. 'मराठीचा वर्ग या शनिवारपासून बंद करीत आहे. माहितीसाठी.'

भाऊजींनी तो तीनदा वाचला. मग शाईचं पेन उघडून लिहिलं, 'स्थळपाहणी करून निर्णय'. वर्ग चारचा, म्हणून पाहणीही चारलाच करावी लागणार होती. नियम म्हणजे नियम.

दुसऱ्या दिवशी ते चार वाजता तापमापक घेऊन सतरंजीवर मुलांच्या मागे बसले. मी दाराशी होते. पंखा गरम हवा फिरवत होता. यश नावाचा मुलगा दर ओळीला वहीनेच वारा घेत होता. शमिका भिंतीला टेकली आणि पुढे सरकली. "आजी, ही दीवार तर तपून राहिली आहे," ती म्हणाली. भाऊजींनी भिंतीला हात लावला आणि लगेच काढला. तापमापक त्यांनी रोखलाच नाही. ताई फळ्यावर लिहीत होती, तिच्या पाठीवर घामाने पोलकं चिकटलं होतं. भाऊजी पाच वाजेपर्यंत तिथून उठले नाहीत. मला त्या क्षणी त्यांचं हसू आलं नाही, वाईट वाटलं.

मुलं गेली. भाऊजींनी तिथूनच अमोलला फोन लावला आणि म्हणाले, "उद्या माणसं घेऊन ये. नाही, खुलासा नको." मग ताईकडे वळून म्हणाले, "पंधरा दिवस ठोकाठोकी चालणार. तोवर वर्ग कुठे घेशील?"

"तुमची पूर्वेची खोली आहे की," ताई म्हणाली. "दुपारी चांगली गार असते."

भाऊजी म्हणाले, "हे तू चार वर्षांत एकदाही बोलली नाहीस?"

"तुम्ही झोपलेले असता," ताई म्हणाली. "मुलांच्या आवाजाने झोप मोडली असती."

ती हे अगदी साधेपणाने म्हणाली. त्यांनी फळा भिंतीवरून उतरवला, काखेत धरला आणि पूर्वेच्या खोलीत नेला. खिडकीखालची आपली खाट स्वतःच ओढून बाहेर पडवीत टाकली. मी सतरंजी गुंडाळून त्यांच्या मागे गेले. चार वर्षं त्यांची टिंगल करताना ती गार खोली मीही दर खेपेला बघत होते, आणि मलाही ते एकदाही सुचलं नव्हतं.