मोहीम कक्षातली लाली

दुपारचं जेवण अंगावर येतंय. शरयू पटवर्धन आराखडा उशाशी ठेवून आडवी होते. मिरजेच्या प्राणिमित्र मंडळाची ती नवी सचिव. पुढच्या वर्षीच्या मोहिमा संध्याकाळच्या सभेत तिलाच वाचायच्या आहेत, आणि त्या रंगीत कागदांवर तिचा भारी जीव. पंखा घरघरतो. मग तो थांबतो, आणि पलंगाच्या कडेला कुमुदताई बसलेल्या असतात.

कुमुदताई शेवडे गेल्या दिवाळीतच वारल्या. मंडळ त्यांनी काढलं आणि शेवटपर्यंत एकहाती ओढलं. अंगावर तीच हिरवी इरकल, पदराला औषधाचे जांभळे डाग. शरयूला त्यात काही वावगं वाटत नाही. उलट ऐकायला कुणीतरी आलं म्हणून ती खुलते.

"वाच," कुमुदताई म्हणतात. "मला आता वेळच वेळ आहे."

शरयू वाचते. जानेवारीत 'मुकी हाक' फेरी, शाळेच्या मुलांना कुत्र्यांचे मुखवटे. श्रावणात भटक्या कुत्र्यांना राख्या. ऑक्टोबरात त्यांच्यासाठी केक, कापायला मालिकेतली एक नटी. नटीला कुत्र्यांची भीती वाटते, म्हणून कुत्री लांब बांधायची. उन्हाळ्यात घरोघरी सिमेंटची पाणपात्रं, प्रत्येकावर अध्यक्ष देवस्थळींचा हसरा फोटो. तहानलेल्या कुत्र्याला प्यायच्या आधी देवस्थळींचं दर्शन.

कुमुदताई विचारतात, त्यात पाणी कोण भरणार. नागरिक, असं शरयू सांगते. त्यावर त्या फाटकाकडे बोट दाखवतात. फाटक आता खोलीतच आहे, आणि त्याच्याशी गेल्या वर्षीचं पाणपात्र. त्यात शरयूने शेवंती लावली आहे. चांगली फुलली आहे.

शरयू घाईने पान उलटते. पलंग गार लागतो, कारण तो आता पलंग नाही, मंडळाच्या शेडमधलं पत्र्याचं टेबल आहे. समोर मागची खोली. नसबंदीचं ऑपरेशन झालेली कुत्री टाके सुकेपर्यंत इथे राहतात, आणि मग जिथून धरली त्याच गल्लीत परत सोडतात. दुसरीकडे सोडलं तर तिथली कुत्री फाडून काढतात. मंडळात झाडलोट करणाऱ्यालाही हे ठाऊक आहे. तरी खोलीच्या दारावर आज फुलांची तोरणं आहेत आणि वर पाटी, 'मोहीम कक्ष'. संध्याकाळी उद्घाटन. फीत, पेढे, फोटो. आणि आत पिंजऱ्यात मासळीबाजारातली लाली, पोटावर ओले टाके.

"ही कुठे जाणार?" कुमुदताई विचारतात.

"तिचं पुनर्वसन करतोय."

"मराठीत सांग."

"स्टेशनामागच्या मैदानात सोडायला सांगितलंय. पाहुण्यांच्या आधी खोली रिकामी हवी."

कुमुदताई चिडत नाहीत. चिडल्या असत्या तर शरयूला बरं वाटलं असतं. त्या नुसत्या बघतात, नासलेल्या दुधाकडे बघावं तसं. मग टर्रकन पदराची पट्टी फाडतात. कुत्र्याचं तोंड बांधायला त्या नेहमी स्वतःच्या जुन्या साडीचीच पट्टी घ्यायच्या, मऊ लागते म्हणून. नाकावरून फेर, हनुवटीखाली गाठ. आज ती शरयूच्या तोंडाला बांधतात.

"तोंड बांधलं की जनावर गप होतं," त्या म्हणतात. "तूही जरा गप बस."

अध्यक्षांनीच सांगितलं, माझं तिथे काय चालतं, एका कुत्रीपायी सगळं वर्ष अडवायचं का, हे सगळं शरयूला बोलायचं आहे. एक शब्द फुटत नाही. पहिल्यांदाच तिला स्वतःच्या आवाजाशिवाय काही ऐकू येतं. लाली धापा टाकतेय. बाहेर गाडी सुरू होते. शरयू धावते, पण टेबलाखाली सगळी पाणपात्रंच पाणपात्रं, आणि प्रत्येकातून देवस्थळी हसतायत.

पंखा घरघरतोय. फोन वाजतोय. आराखड्यावर तिचा गाल चिकटला आहे, नटीचं नाव लाळेने पसरलं आहे. फोनवर गाडीवाले इस्माईलभाई. ते विचारतात, "ताई, निघू का? लालीला गाडीत चढवतोय."

शरयू उत्तर द्यायला तोंडाकडे हात नेते आणि थांबते. मुठीत काहीतरी आहे. हिरवी इरकलीची पट्टी, जांभळा डाग पडलेली, अजून गाठ न सुटलेली. शरयूच्या कपाटात इरकल एकही नाही.

"चढवू नका," ती म्हणते. "परत आत ठेवा. टाके सुकले की मासळीबाजारातच सोडायची. मी येतेय."

"आणि उद्घाटन? देवस्थळीसाहेब आलेत."

"त्यांना सांगा, मोहीम कक्षात लाली झोपलीय."

ती आराखडा तसाच टाकून उठते. गाठ मात्र ती सोडत नाही. लालीला औषध लावताना पट्टी लागेल.