पाच पौंड हवा

नव्वदच्या दशकात माझी बदली बेंगळुरात झाली. मी एमटी हवालदार, म्हणजे युनिटच्या गाड्या माझ्या ताब्यात. घर चामराजपेटलाच, त्यामुळे स्वारी खुशीत होती. कॉम्प्रेसरची आमची पाळी दुपारी तीनला. ट्रक दिवसभर उन्हात उभे. त्यांत हवा भरायची आणि ड्युटीवर निघणारी गाडी मी सकाळी सहाला तपासायची.

जानेवारीत एका गुरुवारी ड्रायव्हर शेळकेच्या ट्रकला गेज लावला. हवी पन्नास पौंड, होती पंचेचाळीस. सहाही टायरांत.

"उस्ताद, काल पन्नासच भरली हुती."

"मग गेली कुठं?"

मी रिपोर्ट लिहिला. सोमवारपासूनची त्याची रजा रद्द झाली. मुलगी झाली होती त्याला; अजून पाहिली नव्हती. सहा टायर एकदम बसत नाहीत, एवढं तरी मला सुचायला हवं होतं.

शुक्रवारी सगळेच ट्रक तपासले. सगळे पंचेचाळीसच्या आसपास. माझं डोकं चक्रावलं. दुपारी एक ट्रक स्वतः भरला, वॉल्व्हना साबणाचं पाणी लावलं. बुडबुडा नाही. शनिवारी सकाळी पुन्हा पंचेचाळीस. गेज बदलला. कुणी खोडसाळपणा करतंय म्हणून पहारा लावला. काही म्हणता काही कळेना.

रविवारी घरी गेलो. थोरल्या भावाचं टायरचं दुकान. त्याला सांगितलं, तर तो हसला.

"उन्हात भरतोस, थंडीत मोजतोस. हवा आखडते रे. ऊन पडलं की परत सरी होते, पन्नासला पन्नास."

"अण्णा, ही कसली थंडी? थंडीनं टायर बसतात ते लडाखला."

"टायरला विचार जा. स्वल्प थंडी त्यालाही पुरते."

सोमवारी सातला सुभेदार साहेबांसमोर उभा राहिलो. "साहेब, शेळकेची चूक नव्हती. रिपोर्ट मागे घेतो."

"शेळके? पहाटेच्या गाडीने उत्तरेला गेला. तिकडे ड्रायव्हर मागितला होता; रजा रद्द, म्हणून त्याचं नाव दिलं."

सात आठवड्यांनी बर्फातल्या एका वळणावर त्याचा ट्रक दरीत गेला. ट्रक घसरला, असं चौकशीत आलं. मी ते तीनदा वाचलं. कशासाठी, कोण जाणे.

त्याची पेटी घेऊन गावी मीच गेलो. बायको दारात, कडेवर मुलगी. वाटेत बरंच काही जुळवलं होतं. तोंडातून आलं ते एवढंच.

"वहिनी, त्यानं हवा बरोबर भरली होती."

तिला काही उमगेना. "म्हंजी काय, भाऊ?"

मी पेटी उंबऱ्याशी टेकवली. मुलीनं माझ्या टोपीकडे हात केला. बापाचे कान घेऊन आली होती पोर.