जुन्या बोटीचा वाटा

पुण्याहून निघालो आणि पहिल्या वळणावरच गाडीनं बोंब ठोकली. शेजारच्या सीटवर वजन पडलं आणि पट्टा लावला नाही, की ती टिंगटिंग करत राहते. माझ्या शेजारी माझी मोठी नणंद बसली होती, कुमुदवन्सं. पोटावरच्या ऑपरेशनच्या व्रणाला पट्टा टोचतो म्हणून त्या लावत नव्हत्या.

"वन्सं, लावा हो, नाहीतर ही ताम्हिणीपर्यंत गात राहील."

"गाऊ दे. तुझ्यापेक्षा सुरात आहे."

शेवटी मी गाडी बाजूला घेतली, मागची उशी त्यांच्या पोटाशी ठेवली आणि तिच्यावरून पट्टा ओढला. उशीला मिठी मारून बसलेल्या त्या बाईकडे बघून कुणाला वाटलं नसतं, की या मुलींच्या शाळेत पीटी शिकवायच्या आणि यांची शिट्टी दोन गल्ल्या पलीकडे ऐकू जायची. त्यांनी लग्न केलं नाही. माझ्या लग्नात मात्र मांडवातच माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या होत्या, "खांदे मागे, मान ताठ. आमचा भाऊ वाकलेलाच आहे."

आता निघण्याचं कारण सांगते. पोटातल्या कर्करोगावरची सगळी ठाऊक असलेली औषधं वन्संना देऊन झाली होती. मग मुंबईच्या एका डॉक्टरबाईंनी एका नव्या औषधाबद्दल सांगितलं. आतापर्यंत ते प्राण्यांनाच दिलेलं, माणसांना पहिल्यांदाच देणार. आधी थोड्या जणांना अगदी कमी द्यायचं आणि वाट बघायची. त्यांना सोसलं, तर पुढच्या थोड्या जणांना जरा जास्त. डॉक्टरबाई वयानं लहान, पण बोलणं स्वच्छ. "या टप्प्यावर आम्ही बघतो ते शरीराला किती सोसतं एवढंच. तुम्हाला स्वतःला फायदा होईल असं मी सांगू शकत नाही. बहुधा होणार नाही. नाही म्हणालात तरी तुमची काळजी आम्ही घेऊच."

वन्संनी सगळं नीट ऐकलं, दोन-तीन प्रश्न विचारले. मी दोनच शब्द ऐकले. नवीन औषध. दारातून बाहेर पडेपर्यंत मनात मी पेढे वाटायला लागले होते.

उत्तर सोमवारी द्यायचं होतं. "त्याआधी मला हरिहरेश्वरला ने," वन्सं म्हणाल्या. एकदा त्यांनी तिथं शाळेची सहल नेली होती. समुद्राच्या कातळावरून जो प्रदक्षिणेचा मार्ग आहे, त्यावरून साठ मुली शिट्टीच्या तालावर चालवल्या होत्या. तो मार्ग त्यांना पुन्हा चालायचा होता.

ताम्हिणी घाटात श्रावणातली गर्दी होती. धबधब्याखाली माणसं ओल्या कपड्यांत कणसं खात उभी होती. वन्संनी काच खाली केली, तोंडावर तुषार घेतले आणि एका पोरसवदा घोळक्याला सांगितलं, "कठड्यावरून खाली उतरा." सगळे उतरले. आवाज अजून शाबूत होता.

माणगावनंतर रस्ता अरुंद होतो आणि दोन्ही बाजूंची भातं अंगावर येतात. म्हसळ्याला चहासाठी थांबलो. बेकरीतून ताज्या पावाचा वास येत होता. वाऱ्यानं वन्संचा रुमाल सरकला आणि डोक्यावरचे नुकते फुटलेले केस दिसले. बेकरीवाल्या चाचांनी आदरानं विचारलं, "आपा, तिरुपतीला जाऊन आलाव काय?"

वन्सं तोंड उघडायच्या आत मी पुढे झाले. "हो ना. काय ती रांग, चाचा." आणि मग मी त्यांना रांग सांगितली, लाडू सांगितला, रांगेत हरवलेली आणि पुन्हा सापडलेली एक म्हातारी सांगितली. मी तिरुपतीला आजवर गेलेले नाही. चाचा इतके रंगले की त्यांनी वर दोन नानकटाया दिल्या.

गाडीत बसल्यावर वन्सं म्हणाल्या, "म्हातारी कशाला घातलीस?"

"तिच्याशिवाय रंग चढत नव्हता."

"माझ्या तेराव्यालाही अशीच कुणीतरी घालशील." त्यांनी नानकटाईचा एक कोपरा मोडून तोंडात ठेवला. उरलेली माझ्या हातात दिली.

संध्याकाळी हरिहरेश्वरला पोचलो. नारळी पौर्णिमा होती. आम्ही उतरलो त्या घरातल्या काकूंनी नारळीभात आणि वालाचं बिरडं वाढलं. श्रावणात वन्सं मासे खात नाहीत, त्यामुळे मला पापलेटाचं नावही काढता आलं नाही. वन्संनी चार घास घेतले. त्यांच्या पानातला भात मी माझ्या पानात ओढला, कारण काकू दारात उभ्या राहून बघत होत्या आणि त्यांना वाईट वाटू नये असं आम्हा दोघींनाही वाटत होतं.

इथं आधी काळभैरवाचं दर्शन घ्यायचं, मग हरिहरेश्वराचं आणि पुन्हा काळभैरवाचं, अशी रीत आहे. प्रदक्षिणेचा मार्ग ओहोटीतच मोकळा असतो, म्हणून सकाळी लवकर गेलो. दोन कातळभिंतींच्या चिंचोळ्या फटीतून पायऱ्या खाली समुद्राकडे उतरतात. वन्सं काही पायऱ्या उतरल्या, थांबल्या आणि खाली बसल्या.

"तू जा. मी इथून बघते."

"थोडं थांबून जाऊ ना."

"नीला, भरती थांबत नाही. जा."

मी गेले. तिथला कातळ लाटांनी असा कोरलाय, की मधमाश्यांनी दगडात पोळं बांधलंय असं वाटावं. त्यावर पाय ठेवायला भीती वाटते आणि बघितल्याशिवाय राहवत नाही. मी बघत राहिले, शेवाळावरून घसरले आणि एका डबक्यात साग्रसंगीत बैठक मारली. वरून शिट्टी वाजली. वन्संनी शिट्टी आणली होती. प्रदक्षिणेतले सगळे भाविक जागच्या जागी थांबले.

पुढे मार्ग डोंगराच्या कडेनं वळतो आणि पायऱ्या दिसेनाशा होतात. तिथं मी रडून घेतलं. देवाला स्वच्छ शब्दांत सांगितलं, की नवीन औषध लागू पडू दे, बाकी काही मागत नाही. नाक पुसत होते तेवढ्यात शिट्टी पुन्हा वाजली, या वेळी लांब. शाळेत तिचा अर्थ होता, रांग सोडून बसलेल्यांनी उठा.

काळभैरवाचं दुसरं दर्शन घेऊन निघालो. खाडीच्या तोंडाशी असलेल्या एका छोट्या कोळीवाड्याजवळ माणसं जमलेली दिसली, म्हणून गाडी थांबवली. बायका सणाच्या लुगड्यांत होत्या. केसांत अबोलीचे वळेसर (गजरे). समोर एक जुनाट बोट गुलाल-फुलांनी सजलेली. नाळेवर (बोटीच्या पुढच्या टोकावर) एकजण लांब बांबू घेऊन उभा होता. बांबू पाण्यात बुडवायचा, ओरडून काहीतरी सांगायचा. मागचा दुसरा माणूस मधूनमधून निशाणाची काठी रोवायचा. बाकीच्या बोटी किनाऱ्याशी नुसत्या उभ्या.

शेजारी उभ्या असलेल्या बाईचं नाव हिरा. तिचा नवरा त्या बोटीचा तांडेल (बोट हाकणारा मुख्य). मी तिला विचारलं, "या बोटीला किती मासे मिळतील?"

आजूबाजूच्या बायका हसल्या. हिरा म्हणाली, "मासं कशाला मिळतील गो ताय? ती मासं माराया न्हाय गेली. पावसाल्यात खाडीच्या तोंडाशी वालू सरकतं. वाट खंय हाय ती बघाया गेली."

"मग बाकीच्या?"

"त्या निशाण बघून मागून जातील."

"आणि ही रिकामीच परत?"

"पयल्या जालातला वाटा हिला सगल्या बोटी देतात. तशीच रीत हाय."

वन्संनी उशी छातीशी धरली होती. गाडीतून उतरतानाही त्यांनी ती बरोबर घेतली होती. त्यांनी विचारलं, "ही पुढे जाणारी बोट ठरवता कशी?"

"जी सगल्यांत जुनी, ती."

"का?"

हिरानं त्यांच्याकडे असं बघितलं, जणू शाळेत गेलेल्या बाईला एवढंही कळू नये. "नवी कोन घालील वालूवर?"

वन्सं हसल्या. कितीतरी महिन्यांनी असं हसल्या, उशी पोटाशी दाबून, दुखत असताना. मला राग आला. हिराचा आला, वन्संचा आला, त्या गुलाल फासलेल्या बोटीचा आला.

"आणि अडकली तर?" वन्संनी विचारलं.

"भरतीत जातात ना. पानी उचलतं."

"नेहमी?"

"नेमी न्हाय," हिरा म्हणाली. "पन खंय अडकली ते मागच्यांना दिसतं."

मग तिची नजर वन्संच्या रुमालाकडे गेली. मी लगेच सुरू केलं, "तिरुपतीला..."

"कॅन्सर आहे," वन्सं म्हणाल्या.

"व्हय," हिरा म्हणाली आणि मासळीची एक पाटी उलटी करून त्यांना बसायला दिली.

दुपारनंतर मागच्या बोटींतल्या दोन परत आल्या. वाटा आला. हिरानं त्यातली चार पापलेटं आमच्यापुढे केली. आलेल्या पाहुण्याला त्या दिवशी रिकामं पाठवत नाहीत. वन्संनी हात जोडले. "श्रावण आहे गं. माझा वाटा राहू दे. श्रावण संपला की येते."

"या," हिरा म्हणाली. "ठेवतंय."

म्हसळा मागे पडला. मग वन्सं म्हणाल्या, "सोमवारी हो म्हणते."

मी स्टिअरिंगवर हात आपटला. "बघा. मला माहीत होतं, तुम्ही बऱ्या होणार."

"नीला, तू त्या दिवशी डॉक्टरांकडे होतीस की म्हसळ्याच्या बेकरीत?"

"म्हणजे?"

"म्हणजे मी बरी होण्यासाठी हो म्हणत नाहीये. एवढं कळून गाडी चालव."

मी गाडी चालवली. समोरचं नीट दिसत नव्हतं. त्यांनी हात लांबवून वायपर चालू केले. पाऊस नव्हता.

औषध सुरू झालं. पहिले काही आठवडे त्यांना सोसलं आणि मी मनातले पेढे पुन्हा बाहेर काढले. मग यकृतानं तक्रार केली. औषध थांबवलं. माघात वन्सं गेल्या. त्या आजारानं गेल्या, औषधानं नव्हे, असं डॉक्टरबाईंनी सांगितलं, आणि माझा त्यांच्यावर विश्वास आहे. पुढे त्या असंही म्हणाल्या, की वन्संना झालेला त्रास बघून मागच्यांना ते औषध कमी आणि सावकाश द्यायचं ठरलंय. "मग लागू पडेल ना त्यांना?" मी विचारलं. "अजून माहीत नाही," त्या म्हणाल्या. मला कुणीतरी मोठं काहीतरी सांगायला हवं होतं. त्यांनी खरं होतं तेवढंच सांगितलं.

या श्रावणात, नारळी पौर्णिमा झाल्यावर, मी एकटी गेले. म्हसळ्याला थांबले नाही. कोळीवाड्यात गेल्या वर्षीची ती बोट किनाऱ्यावर पालथी घातलेली होती. एक मांजर तिच्या सावलीत झोपलं होतं. यंदा दुसरी गेली होती, आता तीच सगळ्यांत जुनी. पाण्यात निशाणं दिसत होती आणि त्यांच्यामधून बाकीच्या बोटी एकामागून एक बाहेर पडत होत्या. रांग सरळ होती. वन्संना आवडली असती.

हिरानं मला ओळखलं. "एकल्याच? त्या ताय?"

पुण्यापासून मी उत्तर तयार करून आणलं होतं. वन्सं भाचीकडे परदेशी गेल्यात, तिथं बर्फात पोरींना कवायत शिकवतात. एक म्हातारीही घातली होती. त्यातलं काहीही तोंडातून निघालं नाही.

"गेल्या," मी म्हणाले.

हिरा वळली. आत गेली. तिचा तांडेल आता दुसऱ्याच्या बोटीवर जातो, वाटा आता तिच्या घरी येत नाही. तरी बाहेर आली तेव्हा तिच्या हातात बर्फात घातलेल्या पापलेटांची जड पिशवी होती.

"अर्धं तुजं," ती म्हणाली. "अर्धं त्यांचं. गेल्या साली ऱ्हायलेलं."

मी पिशवी शेजारच्या सीटवर ठेवली आणि गाडी सुरू केली. गाव संपायच्या आत टिंगटिंग सुरू झाली. पिशवी मागे ठेवली असती तर गाडी गप्प झाली असती. मी गाडी बाजूला घेतली, मागची उशी काढून पिशवीला टेकवली आणि वरून पट्टा लावला.