भातापुरतं बोलणं

हौशीराम येवले सकाळी चहाबरोबर ताटलीत बियाण्याच्या भाताचे दाणे निवडायला घेत. लीलाबाई मग कपबशी मुद्दाम ताटलीला खेटून ठेवत.

"बघा हं, एखादा दाणा चहात पडला तर तुमची पुढची पिढी तुमच्याच पोटात जायची."

वराळे गावच्या शेतकऱ्याचा हा मुलगा शेतकी कॉलेजात शिकला आणि लोणावळ्याजवळच्या भाताच्या फार्मवर शास्त्रज्ञ झाला. आंबेमोहोराला वास सुरेख, पण वारा सुटला की तो आडवा होतो. डोंगरातला जाडा भात ताठ उभा राहतो, त्याला वास नाही. दोघांचा संकर करून वासाचा आणि ताठ असा भात काढायचा, ही त्यांची एक हौस. दुसरी, मुलानं, बजरंगनं, आपल्यासारखं शास्त्रज्ञ व्हावं. बजरंग इंग्रजी तिसरीत दुसऱ्यांदा बसला होता आणि आताही पुस्तक उघडं टाकून माजघरात शिट्टी वाजवत होता.

दाराची कडी वाजली. खंडाळ्यावरच्या ठाकरवाडीतली सावित्राबाई उभी होती. लावणीला ती फार्मवर येई. शेजारी तिची चिंगी, काखेत पाटी.

"सायेब, तुमी मास्तरला काय सांगितलं?"

"मी? काही नाही."

"मास्तर म्हनला, जातीतच नसलं तर अक्षर येत न्हाई, येवले सायेबांचं शास्तर हाय. पोरीला सोमवारपास्नं साळंत धाडू नगंस."

हौशीरामांना आठवलं. मास्तर स्टेशनवर भेटले होते, गाडीला उशीर होता. बोलता बोलता हौशीराम म्हणून गेले होते, "जात असेल तसं पीक, मास्तर. खत किती का घाला." तेव्हा खरं तर त्यांच्या मनात बजरंगचा निकाल घोळत होता.

"अहो बाई, जात म्हणजे वाण. भाताचा."

"मग वाण म्हनायचं. फारमावर बी तुमी जातच म्हनता. मास्तरला काय कळनार?"

ते समजावू लागले. संकराच्या एकाच लोंबीतले दाणे पेरले, तरी एक रोप उंच निघतं, एक बुटकं. मग ते थांबले. असं आहे, तर मास्तरांना आपण काय सांगून बसलो? आपला बाप अंगठा उठवायचा, आपल्याला अक्षर आलं. बजरंगचा बाप बी.एजी., आणि त्याला गणित येत नाही. यातलं बियाण्याचं किती, खताचं किती? सूत जुळवायला जावं तो ते आणखीच गुंतत गेलं.

"म्हंजी माझ्या पोरीला येईल का न्हाई?"

"ते... बघा, तसं नक्की सांगता येत न्हाई," हौशीराम म्हणाले. गोंधळले की त्यांच्या तोंडी वराळ्याची गावबोली येई.

"यांना घरच्या पोराचं उमगेना," लीलाबाई चहा ओतत म्हणाल्या. "तुझ्या पोरीचं काय सांगणार? बस, चहा घे."

आतली शिट्टी थांबली. चिंगी नखानं पाटीची चौकट कोरत होती. सावित्राबाई उंबऱ्याबाहेरच टेकली, पण कपाला तिनं हात लावला नाही.

"शास्तर ऱ्हाऊ द्या, सायेब. सोमवारी माझ्यासंगं साळंत चला, आन मास्तरला येवढंच सांगा, मी भाताचं बोलत व्हतो."