शक्तीच्या गोळ्या

गाडी शिकवताना तिच्या पायाखाली एक जादा ब्रेक असायचा, म्हणून शिकाऊ मंडळी तिला ब्रेकबाई म्हणत. कुणी गाडी थेट भिंतीवर नेली तरी तिचा आवाज चढायचा नाही. त्याच बाईला सकाळी अंथरुणातून उठणं डोंगराएवढं वाटू लागलंय, हे घरात कुणाला ठाऊक नव्हतं.

ती एकटीच मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे गेली. रोजच्या गोळीने बरं वाटू लागल्यावर त्यांनी आठवड्यातून एकदाच घ्यायची कॅप्सूल लिहून दिली.

"ही अंगात खूप दिवस राहते. तिच्याच पाकिटात ठेवा, आणि दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलात तर आधी हिचं नाव सांगा. बऱ्याच औषधांशी हिचं पटत नाही."

तिने मान डोलावली. घरी येऊन मात्र पाकीट फाडून टाकलं आणि तीन महिन्यांच्या सगळ्या कॅप्सूल व्हिटॅमिनच्या रिकाम्या बाटलीत ओतल्या. नवऱ्याने विचारलं तेव्हा म्हणाली, "शक्तीच्या आहेत."

सासूबाईंनी ते ऐकलं. त्यांना हृदयासाठी रक्त पातळ करायचं औषध चालू होतं, त्यात हल्ली थकवा फार यायचा. सुनेकडे मागायचं कसं, म्हणून त्या रोज सकाळी गुपचूप एक कॅप्सूल घेऊ लागल्या.

आधी त्यांची झोप उडाली. मग हात कापू लागले. एका दुपारी नाकातून रक्त येऊ लागलं, ते काही केल्या थांबेना. तिने आणि नवऱ्याने त्यांना दवाखान्यात नेलं.

"घरात आणखी कुणाचं औषध चालू आहे का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

नवरा शेजारीच उभा होता. "नाही," ती म्हणाली.

तेवढ्यात सासूबाई नाकावरचा कापूस सावरत पुटपुटल्या, "अगं, तुझ्या त्या शक्तीच्या गोळ्या घेत होते मी. न विचारता घेतल्या. रागावू नकोस."

धरणी पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं. चूक तिची, आणि माफी सासूबाई मागत होत्या. तिने खाली बघत खरं काय ते सांगून टाकलं.

डॉक्टरीणबाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या फक्त म्हणाल्या, "आता बंद केलं तरी हे औषध काही आठवडे अंगातून जाणार नाही. तोवर रक्त वरचेवर तपासायचं. दुसरी कुठलीही गोळी मला विचारल्याशिवाय द्यायची नाही. आणि तुमचं औषध तुम्ही मनाने थांबवू नका."

बाहेर नवरा एवढंच बोलला, "मी काय परका होतो?"

रक्त थांबलं, सासूबाई घरी आल्या. हातांची थरथर मात्र रेंगाळली. कप बशीवर किणकिणला की तिची मान खाली जायची.

एकदा चहा घेताना सासूबाईंनीच विषय काढला. "आम्ही तुला वेडी म्हणू, असं वाटलं का गं?"

"हो."

सासूबाईंनी कप खाली ठेवला. "म्हटलंही असतं बहुतेक. खोटं कशाला बोलू?" मग त्यांनी खुर्ची थोडी जवळ ओढली. "पण आता सांग. काय होतं तुला नेमकं?"

तिला वर बघवेना. तशीच, टेबलाकडे बघत, ती सांगू लागली.